परक्याची झडती

शहाडच्या स्थानकावर उभे राहून उल्हासनगरकडे पाहिलें म्हणजे आम्हांस एक प्रश्न नेहमी पडतो: मनुष्य परका केव्हां ठरतो? ट्रान्सवालांतील हिंदी लोक समुद्र ओलांडून गेले म्हणून परके ठरले. तेथील १९०७ च्या कायद्यानें त्यांस बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला घेणें भाग पडलें. पोलिसानें वाटेंत अडवून मागितल्यास तो दाखवावा लागे. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं जोहान्सबर्ग येथें गांधीजींच्या नेतृत्वाखालीं दोन हजारांवर दाखल्यांची होळी झाली.

कल्याणच्या छावणींत आलेले सिंधी मात्र घरीं बसल्याबसल्याच परके झाले. फाळणीनंतर कराची बंदर सोडतांना त्यांच्या पेट्यांची झडती होई. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्यांच्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें.

आपल्या येथें १९४६ च्या कायद्यानें ‘मी परकीय नाहीं’ हें सिद्ध करण्याचा भार संशयितावरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यानेंही तो तेथेंच ठेविला आहे. सरहद्द राखणें हें राज्याचें कर्तव्य खरेंच. परंतु शहाडच्या शेजाऱ्यांनीं जें सोसलें तें विसरून आम्हीं दुसऱ्याचें गांठोडें सोडूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.