दोन काळे घोडे

मुंबई व बडोदे या दोन्ही नगरांत ‘काळा घोडा’ या नावाचा चौक आहे. दोन्ही नावे अश्वारूढ पुतळ्यांवरून पडली, आणि दोन्हीकडे लोकांनी स्वाराऐवजी घोड्याचेच नाव उचलले. उंच चौथऱ्यावरील स्वाराचा चेहरा वाटसरूला नीट दिसत नाही. घोड्याची काळी आकृती मात्र दुरूनही नजरेत भरते. पुतळा कोठे व किती उंचीवर उभा आहे, यावर त्याची लोकमनातील ओळख ठरते ती अशी.

मुंबईचा स्वार म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र. त्याच्या १८७५-७६ च्या भेटीचे स्मारक म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविण्यात आला. पारतंत्र्याची खूण भर चौकातून जावी, हे स्वाभाविकच होते. पण नाव चौकातच राहिले. अखेर २०१७ मध्ये तेथे स्वाराविना नवा घोडा उभारण्यात आला.

बडोद्याचे खंडेराव महाराज यांच्या देणगीतून घडलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून मुंबईत हमरस्त्यावर होता. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले. पुतळा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, म्हणूनच त्या कृतीला धार आली. आज भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात तोच दगड सत्तेचा दरारा गमावून केवळ शिल्प म्हणून पाहिला जातो.

बडोद्याचे सयाजीराव महाराज मात्र सयाजीबागेच्या दाराशी, विश्वामित्रीच्या पुलाजवळ, आपल्या जागी आहेत. त्यांनीच वसविलेल्या बागेत व तेथील संग्रहालयात जाणाऱ्याला त्यांचा परिचय वेगळा करून द्यावा लागत नाही. भोवतालच तो करून देतो. तथापि वाहनांच्या ओघातून पायी जाऊन त्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबणे आता सोपे राहिलेले नाही.

रस्ता रुंद करताना सरकारी दप्तरात पुतळ्याची जागा चौथऱ्याच्या क्षेत्रफळाने मोजली जाते. प्रस्तुत लेखकाने नोकरीत अशा नोंदी पुष्कळ पाहिल्या. त्या मापात पाहणाऱ्याची उभे राहण्याची जागा येत नाही, आणि पुतळ्याला अर्थ देणारे शेजारही येत नाहीत. पुतळा हलविण्याचा किंवा त्याला वाहतुकीने वेढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी या दोहोंचाही हिशेब मांडला जावा, अशी अपेक्षा आपल्यासारख्या जुन्या रहिवाशांनीच वेळीच बोलून दाखवली पाहिजे.