असीरगडचे सरपण

असीरगडचा इतिहास आपण वेढ्यांनी मोजतो. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने गड घेतला. १७६० मध्ये उदगीरच्या तहाने तो पेशव्यांकडे आला, मग शिंद्यांकडे. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेऊन तहात परत दिला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो कायमचा त्यांच्या हाती गेला. या हकिगतींत तोफा असतात, फितुरी असते, पण शिबंदीच्या चुलीत काय जळत होते हे आपण विचारत नाही.

विचारायला हवे. टाक्यांत पाणी आणि कोठारात धान्य असले, तरी जळण नसेल तर ज्वारी कच्चीच चावावी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाच्या घेऱ्यातली झाडी ही गडाची राखण मानली आहे आणि तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये असे बजावले आहे. म्हणजे जवळचे रान राखायचे आणि सरपण लांबून आणायचे. वेढा पडला की नेमकी तीच वाट बंद! हा ग्रंथ कोल्हापूरकडचा, असीरगडाचा नव्हे. पण अडचण कोणत्याही डोंगरी गडाची तीच.

मला हा प्रश्न पडला तो बुऱ्हाणपूरच्या घरातल्या तांब्याच्या बंबामुळे. पौषात सातपुड्यावरून वारा सुटला की पहाटे आजोबा अंगणात ढलप्या फोडायला बसत. धावडा मिळाला तर आनंद, कारण त्याचा निखारा टिकतो. अंजनावर कुऱ्हाड उडते. सालई झटकन पेटते आणि झटकन संपते, पण तिचा धूर सुगंधी. आजी तिला ‘देवाचे लाकूड, कामाचे नव्हे’ म्हणे. लाकूड महाग झाले की शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या बंबात जात, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून भर घालायची.

त्याच सालईचे पुढे वर्तमानपत्र झाले. आपल्या जिल्ह्यातल्या नेपानगरचा कागद कारखाना १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला आणि सालई व बांबू हा त्याचा कच्चा माल होता. आजोबा सकाळी वाचत ते, म्हणायचे तर, आजीने नाकारलेले लाकूडच.

आता थोडे अवघड बोलतो. ढलप्या आजोबा फोडत, पण झाड त्यांनी तोडलेले नसे. मोळी डोक्यावर घेऊन येणारी बाई बहुधा कोरकू असे. १८७८ च्या वन कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग पाडले. १९२७ च्या कायद्याने तीच घडी पुढे चालवली. मध्य प्रांतात ‘निस्तार’ म्हणून गावकऱ्यांना घरापुरते जळण घेण्याची सोय होती, विकण्याची मात्र नाही. म्हणजे तिच्या चुलीत गेलेली काटकी निस्ताराची, आणि आमच्या बंबात गेलेली गुन्ह्याची. गुन्हा तिचा, ऊन पाणी आमचे! आणि तरीही आजी दोन आण्यांसाठी घासाघीस करी. मी लहान होतो, मला ते हुशारीचे वाटे.

घरात गॅस आल्यावर बंब माळ्यावर गेला. आजीच्या हिशेबाच्या वह्या मात्र राहिल्या. त्यांत थंडीच्या महिन्यांत ‘मोळी’ अशी नोंद आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा येते, पुढे रक्कम. दूधवाल्याचे नाव आहे, परटाचे आहे. मोळीवालीचे शोधले, कोणत्याच वहीत नाही.