पुढची तारीख

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, किमो झाली, किरणांचा शेक संपला, की बाईच्या फाइलवर पुढची तारीख पडते. सुरुवातीला काही महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. नागपुरात या तारखेचा इतिहास सांगायचा तर तो दवाखान्याआधी रेल्वे स्टेशनवर सुरू होतो.

१९४१ साली परळला टाटा हॉस्पिटल उघडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं विदर्भातल्या माणसासाठी कॅन्सर म्हणजे मुंबई. आठशेवर किलोमीटरचा रात्रभराचा प्रवास, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का ते बघायचं, सकाळी परळला नंबर लावायचा. तपासणी दहा मिनिटांची. रेल्वेने मात्र माणुसकी दाखवली: स्लीपरमध्ये कर्करुग्णाचं सगळं भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट, आणि ही सवलत उपचारांपुरती न ठेवता पुढच्या नियमित तपासण्यांनाही लागू. एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी नोकरीभर हे सवलतीचे फॉर्म भरून दिले. ‘सोबत कोण येणार?’ या प्रश्नाशी बायका अडखळायच्या. ऑपरेशनला नवरा आला होता, शेकाला भाऊ. दोन वर्षांनी, बाई घरात हिंडतीफिरती दिसू लागल्यावर, मजुरी बुडवून यायला कोणी तयार नसे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८च्या ऑक्टोबरात मोझरीला गेले, ते कर्करोगानेच. नागपुरात १९७४ मध्ये उभ्या राहिलेल्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचं नाव आहे. विदर्भातल्या बाईची मुंबईची वारी त्यामुळे बरीच कमी झाली. छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादहूनही माणसं नागपूरला येऊ लागली. १९८० मध्ये शहरात कर्करोगाची नोंदणीही सुरू झाली. पण ज्या बाईवर उपचार झाले ती पुढे आहे कशी, हे कळायला तिने परत यायला हवं, आणि न येणाऱ्या फार.

त्यांना आम्ही जोडकार्डं टाकायचो. अर्ध्या कार्डावर आमचा मजकूर: प्रकृती कशी आहे, तपासणीला केव्हा याल. उरलेल्या अर्ध्यावर आमचा पत्ता आधीच लिहिलेला, म्हणजे चार ओळी लिहून डब्यात टाकलं की झालं. उत्तरं यायची ती बहुतेक शाळकरी पोरांच्या अक्षरात. ‘आई बरी आहे, रोवणी झाल्यावर येते.’ ‘कापूस वेचून झाला की आणतो.’ कधी शेजाऱ्याने लिहिलेलं, बाई वारली म्हणून. काही कार्डं पत्ता अपुरा म्हणून तशीच परत. एका बाईने मला येऊन सांगितलं, ‘बाई, कार्ड नका टाकू घरी. पोस्टमन वाचते, सासू वाचते, मग सारी गल्ली वाचते. पोरीचं लगन व्हायचं हाय.’ तिचं कार्ड पुढे माहेरच्या पत्त्यावर जात राहिलं. तिला तपासणी नको नव्हती, आम्ही निवडलेली वाट नको होती. हा फरक आमच्या रजिस्टरात कुठेच उमटत नसे. तिथे एकच शेरा: गैरहजर.

बायकांना काय हवं, हे त्या कार्डांत आणि ओट्यावरच्या गप्पांत स्पष्ट असायचं. तारीख शेतीच्या हंगामात नको. दर वेळी नवा डॉक्टर नको, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. शक्यतो बाई-डॉक्टर हवी. किमोच्या वॉर्डाजवळ बसायला नको, त्या वासानेच मळमळतं. आणि हाताने तपासून हवं. ‘डॉक्टरीणबाईनं हात लावून पाह्यलं का मग मले झोप येते,’ असं भंडाऱ्याकडची एक बाई म्हणायची.

याच काळात परदेशात, उपचारांनंतरची तपासणी कशी करावी या प्रश्नाचा पद्धतशीर शोध सुरू होता. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष छापून आले, दोन्ही मिळून अडीच हजारांवर स्त्रिया. काहींच्या नियमित तपासणीला छातीचे एक्स-रे आणि हाडांच्या स्कॅनची जोड दिली, काहींची फक्त नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी केली. जगण्यात फरक पडला नाही. मग १९९६ मध्ये इंग्लंडमधून कळलं की घराजवळच्या डॉक्टरने पाठपुरावा केला तरी आजार उलटल्याचं निदान लांबत नाही. २००९ मध्ये तिथल्याच ३७४ स्त्रियांच्या अभ्यासात जाणत्या नर्सने फोनवर केलेली विचारपूस बायकांना पसंत पडली आणि त्यांची काळजी वाढली नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ मोठा आहे. रोगाची कसलीही खूण नसलेल्या बाईला थोडी निवड करू दिली, तर तिच्या जिवाशी खेळ होत नाही.

आपल्याकडे आता सोयी वाढल्या आहेत. नागपूरजवळ जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. राज्याच्या जीवनदायी, म्हणजे आताच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारांच्या जोडीला १२१ पाठपुरावा सेवा धरल्या गेल्या. २०२०च्या मार्चमध्ये केंद्राने फोनवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले आणि टाळेबंदीत ते उपयोगी पडले. टॅमॉक्सिफेनची गोळी पाच-पाच, कधी दहा वर्षं रोज घ्यायची असते. ती मध्येच सोडली जाते का, अंगाची लाही होते का, हे विचारायला बाईला गोंदियाहून बोलवायची गरज नाही, एक फोन पुरे. हात लावून तपासणं मात्र फोनवर होत नाही, आणि भंडाऱ्याच्या बाईला तेच हवं होतं. दोघींना एकच रीत लावू नये.

तुमच्या घरात अशी कोणी असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा: मधल्या तपासण्या तालुक्याच्या किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे चालतील का, फोनवर काय चालेल, कशासाठी यायलाच हवं. फाइलची एक प्रत तिच्याजवळ असू द्या. वर्षाची मॅमोग्राफी चुकवू नका. नवी गाठ, हाडांचं न थांबणारं दुखणं, धाप, यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न बघता निघा. आणि डॉक्टरांच्या खोलीत बोलताना तिच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका, तिला बोलू द्या.