आई-वडिलांना फार चालवत नाही? मुंबई दाखवायला नेताना अशी आखणी करा

गावाहून येणाऱ्या आई-वडिलांना मुंबई दाखवायची म्हटले की यादी लगेच तयार होते: गेटवे, सिद्धिविनायक, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह, जमलेच तर घारापुरी. पण सत्तरी ओलांडलेल्या आणि चालणे कमी झालेल्या व्यक्तीसाठी ‘काय काय पाहायचे’ हा प्रश्न नंतरचा आहे. आधी दोन गोष्टी माहीत हव्यात. त्यांना एका दमात किती चालता येते? आणि त्यांना थांबावे लागते ते कशामुळे? यांची उत्तरे मिळाली की कोणते ठिकाण जमेल, कोणते गाडीतून पाहायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठरवणे सोपे जाते.

‘चालवत नाही’ म्हणजे नेमके काय होते?

वय झाले म्हणून चालवत नाही, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात कारणे वेगवेगळी असतात आणि कारणानुसार सहलीची काळजीही बदलते. आई-वडिलांना विचारा, थोडे त्यांच्याबरोबर चालून पाहा.

- गुडघ्यांची झीज: बसून उठताना आणि जिना उतरताना जास्त दुखते. सपाट जागी थोडे चालता येते. अशांसाठी अंतरापेक्षा पायऱ्या त्रासदायक असतात.
- पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे: ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा आल्यासारखे दुखते आणि नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत थांबते. तंबाखू, विडी-सिगारेटची सवय किंवा मधुमेह असणाऱ्यांत हे अधिक दिसते. तपासणी झाली नसेल तर ती आधी करा.
- कमरेच्या मणक्यात नस दबणे: चालताना किंवा बराच वेळ उभे राहिल्यास पाय जड होतात, मुंग्या येतात. उभे राहून आराम मिळत नाही. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर मिळतो. अशांना दर्शनाची रांग चालण्याइतकीच जड जाते.
- धाप लागणे, छातीत दडपण येणे: हे हृदय, फुप्फुसे किंवा रक्तक्षय यांच्याशी संबंधित असू शकते. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सहल ठरवू नका.
- मधुमेहामुळे पाय बधिर होणे: चप्पल चावली, फोड आला तरी कळत नाही. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे अशांसाठी धोक्याचे आहे.
- तोल जाण्याची किंवा पडण्याची भीती: दृष्टी कमी असणे, कंपवात, पूर्वी पडल्याचा अनुभव ही यामागची कारणे असू शकतात. गर्दी आणि उंचसखल फुटपाथ यांना सर्वाधिक घाबरवतात.
- लघवीची घाई: पाय चांगले असूनही काही जण याच कारणाने घराबाहेर पडत नाहीत. हे ते आपणहून सांगत नाहीत, विचारावे लागते.

चालणे गेल्या काही आठवड्यांतच झपाट्याने कमी झाले असेल, तर ते वयावर ढकलू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

घरच्या घरी मोजमाप

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, नेहमीच्या चपला-बुटांत, नेहमीच्या वेगाने त्यांना गल्लीत चालू द्या. किती मिनिटांनी बसावेसे वाटले ते लिहून ठेवा. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि सर्वांत कमी आकडा धरा. सावकाश चालणारी ज्येष्ठ व्यक्ती पाच मिनिटांत साधारण २०० ते २५० मीटर जाते.

सहलीत या आकड्याच्या निम्माच हिशोब करा. ऊन, घाम, गर्दी, अनोळखी जमीन आणि रात्रीची अपुरी झोप यांमुळे घरी दहा मिनिटे चालणारी व्यक्ती बाहेर पाच मिनिटांत थकते. प्रत्येक ठिकाणी ‘एकूण किती चालायचे’ यापेक्षा ‘बसायच्या दोन जागांमध्ये किती अंतर आहे’ हे पाहा.

मुंबईतली कोणती ठिकाणे जमतील?

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोडा. छताखालची जागा आणि सपाट दालने असल्याने सकाळच्या वेळी सोयीचे. सगळी दालने पाहण्याचा हट्ट नको, दोन-तीन निवडा. व्हीलचेअर आणि लिफ्टबद्दल आदल्या दिवशी फोन करून विचारा.

गेटवे ऑफ इंडिया. वाहन कमानीपर्यंत जात नाही. सुरक्षा तपासणीतून पुढे चालावे लागते आणि सावली कमी आहे. सकाळी लवकर जा. चालणे अगदी कमी असेल तर गाडीतूनच पाहा.

घारापुरी. इथे नीट विचार करा. गेटवेहून बोटीने सुमारे एक तास लागतो. हलत्या बोटीत चढणे-उतरणे, मग लांब धक्का आणि त्यानंतर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. धक्क्यावरून छोटी गाडी असते, पण ती पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंतच. डोलीची सोय असली तरी बोटीतली चढ-उतार टळत नाही. गुडघे, हृदय किंवा तोलाचा त्रास असेल तर हे ठिकाण सोडा. घारापुरीची काही शिल्पे वर सांगितलेल्या वस्तुसंग्रहालयात आहेत, ती आवर्जून दाखवा. लेणी सोमवारी बंद असतात.

सिद्धिविनायक. मंगळवार, संकष्टी आणि अंगारकी टाळा. ज्येष्ठांसाठी प्रवेश कुठून आहे, व्हीलचेअर आत नेता येते का, हे निघण्याआधीच विचारून घ्या. मणक्याचा त्रास असणाऱ्यांसाठी रांगेत उघडून बसता येईल अशी घडीची खुर्ची किंवा स्टूल चालेल का, तेही विचारा.

हाजी अली. दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्रातून जाते, तिथे बरेच चालावे लागते आणि भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाऊ शकते. बहुतेकांनी रस्त्यावरून पाहणेच बरे.

राणीची बाग, भायखळा. सावली आहे, पण परिसर मोठा आहे. सगळी बाग फिरायची नाही हे आधीच ठरवा. बुधवारी बंद असते.

मरीन ड्राइव्ह. चालणे कमी असलेल्यांसाठी मुंबईतले हे सर्वांत सोयीचे ठिकाण. गाडीतून उतरायचे आणि कट्ट्यावर बसायचे. कट्ट्याला पाठ टेकता येत नाही, म्हणून कंबरदुखी असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे.

बसून पाहण्याच्या गोष्टी. वरळीच्या नेहरू तारांगणातला खेळ किंवा दादर-माटुंग्यातले मराठी नाटक. दोन्हीकडे पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, हे तिकिटाआधी विचारा. २००४ पासून जागतिक वारसा असलेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत रात्री दिव्यांच्या उजेडात गाडीतूनही उत्तम दिसते.

दिवसाची घडी कशी बसवावी?

एका दिवसात एक मुख्य ठिकाण आणि एक बसून घेण्याचा आनंद, एवढेच ठेवा.

- सकाळी ८ ते ११: मुख्य ठिकाण
- ११ ते ४: जेवण, औषधे, पाय वर घेऊन विश्रांती
- ५ ते ८: मरीन ड्राइव्ह, नाटक किंवा गाडीतून फेरफटका

दोन दिवस फिरल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. थकवा बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवतो. मुंबईसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. मे आणि ऑक्टोबरमधला दमट उकाडा ज्येष्ठांना सोसत नाही, आणि पावसाळ्यात निसरड्या जागी पडण्याची भीती असते.

येणे-जाणे

रेल्वेने येत असाल तर तिकीट काढताना खालच्या बर्थचा कोटा निवडा. तो ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना मिळतो. विमानात व्हीलचेअर हवी असल्यास तिकिटाबरोबरच मागणी नोंदवा. चार तासांपेक्षा लांब प्रवासात दर तासाला घोटे वर-खाली हलवायला सांगा आणि जमेल तेव्हा दोन पावले चालू द्या. पाय सुजणे आणि शिरेत रक्ताची गुठळी होणे टाळायला याची मदत होते.

लोकल शक्यतो नको. डब्याची पायरी, फलाटातले अंतर आणि काही सेकंदांचा थांबा हे तिन्ही पडण्याला निमंत्रण देतात. भुयारी मेट्रो ३ सिद्धिविनायक, चर्चगेट, हुतात्मा चौक अशा ठिकाणी जाते आणि स्थानकांत लिफ्ट आहेत. मात्र लिफ्ट कोणत्या प्रवेशद्वाराला आहे ते आधी पाहा. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच घ्यावी लागते. टॅक्सीत बसताना आधी पाठमोरे सीटवर बसावे, मग दोन्ही पाय आत घ्यावेत. गुडघ्यावर ताण कमी येतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

औषधे, पाणी आणि जेवण

सहलीत सर्वाधिक गडबड इथेच होते.

- पाणी: स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून ज्येष्ठ मंडळी पाणी पिणेच बंद करतात. ऊन आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या जोडीला कोरडेपणा आला की उठताना चक्कर येते आणि माणूस पडतो. म्हणून दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृह येईल अशी आखणी करा आणि ती त्यांना आधीच सांगा. कमोड लागत असेल तर तशी जागा हेरून ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.
- लघवी होण्याची गोळी: फिरायचे म्हणून स्वतःहून बंद करू नका. वेळ बदलता येईल का ते डॉक्टर सांगतील.
- मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन जेवणाला उशीर झाला तर साखर खाली जाते. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसली आणि साखर ७० पेक्षा कमी असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र जवळ नसेल तरी साखर द्या, थांबू नका. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नका.
- वेदनाशामक गोळ्या: ‘आज जास्त चालायचे आहे’ म्हणून दुकानातून आणलेली गोळी देऊ नका. यातल्या अनेक गोळ्या मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाब यांना त्रास देतात. कोणती चालेल ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- पादत्राणे: सहलीसाठी नवे बूट नकोत. मधुमेह असेल तर मुक्कामावर परतल्यावर रोज तळपाय पाहा.

औषधे दोन दिवसांची जास्त घ्या. औषधांची चिठ्ठी, शेवटचा ईसीजी आणि ॲलर्जीची नोंद यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आई-वडिलांशी बोलताना

‘तुम्हाला जमणार नाही’ असे म्हटले की ते एक तर हट्टाने चालतात किंवा ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणून मागे राहतात. त्याऐवजी त्यांनाच दोन ठिकाणे निवडू द्या. दुखते का असे विचारल्यास ‘काही होत नाही’ हेच उत्तर मिळते. मुलांचा खोळंबा होऊ नये ही त्यामागची भावना असते. म्हणून विचारत बसू नका, ठरलेल्या वेळी तुम्हीच बसा. चेहरा घामेजणे, बोलणे कमी होणे, भिंतीचा आधार घेणे ही थकल्याची खूण समजा.

व्हीलचेअरला नकार मिळाला तर ती ‘लांबच्या अंतरापुरती’ म्हणून सुचवा. भाड्याने मिळणारी घडीची व्हीलचेअर गाडीत राहते. जिथे चालता येते तिथे चालायचे, बाकी बसायचे. त्यामुळे ताकद उरते आणि पाहण्याकडे लक्ष राहते.

सहल थांबवून मदत कधी घ्यावी?

- छातीत दुखणे, दडपण किंवा विश्रांतीतही धाप
- चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे
- उन्हात असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे
- एकाच पोटरीला सूज व दुखणे
- पडल्यानंतर पायावर भार न घेता येणे (ओढून उभे करू नका)

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सहलीआधी चालण्याचा सराव वाढवावा का?
हळूहळू वाढवता येतो, पण त्यासाठी काही आठवडे हवेत. शेवटच्या चार दिवसांत जास्त चालवल्यास गुडघे सुजून सहलच रद्द व्हायची.

बायपास किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, नेता येईल का?
प्रकृती स्थिर असलेल्या अनेकांना नेता येते. मात्र शस्त्रक्रियेला किती काळ झाला आणि आता त्रास किती होतो, यावर निर्णय ठरतो. तो तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच द्यावा.

एक पालक चालतो, दुसरा नाही. काय करावे?
घरातली माणसे वाटून घ्या. एकाने बसणाऱ्यांजवळ थांबावे, दुसऱ्याने चालणाऱ्यांबरोबर जावे, आणि भेटण्याची जागा व वेळ आधी ठरवावी. बसलेल्या ज्येष्ठांना गर्दीत एकटे सोडू नका.