किल्ला लष्कराचा, मैदान लोकांचे!

वर्ध्याहून सभेला किंवा मोर्चाला नागपूरला जाणाऱ्या आपल्या माणसाला कस्तुरचंद पार्क कुठे आहे हे सांगावे लागत नाही. सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला आणि तिथून हाकेच्या अंतरावर हे मोकळे मैदान. या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रज आणि आप्पासाहेब भोसले यांच्या फौजांची लढाई झाली. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात असून सामान्य माणसाला ठरावीक दिवशीच आत जाता येते. मैदानाचे तसे नाही. तिथे कोणीही जावे, बसावे, बोलावे. म्हणूनच किल्ल्याइतकेच ते मैदानही जपले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

किल्ल्याशेजारी मोकळी जागा का असते? ती कोणी जनतेसाठी सोडलेली नसते. शत्रूला आडोसा मिळू नये, तोफेचा मारा अडू नये म्हणून ती मोकळी ठेवतात. मुंबईच्या कोटाबाहेरचे एस्प्लनेड असेच मोकळे ठेवले गेले. १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पडल्या आणि त्या पट्ट्यातून आजची आझाद, क्रॉस, ओव्हल ही मैदाने उरली. तोफांसाठी राखलेली जागा पुढे कष्टकऱ्यांच्या घोषणांनी भरली. कस्तुरचंद पार्कवर २०१८ साली खोदकाम करताना इंग्रजांच्या काळातील तोफा निघाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांचे मोठे कौतुक झाले. कौतुक व्हावेच. पण ज्या जमिनीतून त्या निघाल्या, त्या जमिनीवर लोकांचा हक्क किती उरला आहे, हे कोण विचारणार?

हे मैदान वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. त्याच्या दुरवस्थेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. जतन झालेच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो एका शब्दाचा. जतन कोणासाठी? 'सार्वजनिक' म्हणजे नेमके कोण?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांना एका किल्ल्याच्या दारातच मिळाले होते. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते, म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदातील पाण्याने हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून लगेच आरडाओरडा सुरू झाला, जमाव जमला. ओरडणारे मुसलमान होते. म्हणजे या देशात जात धर्माची वेससुद्धा ओलांडून जाते. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

किल्ला उघडा होता, हौद भरलेला होता. तरीही ते दोन्ही आपल्यासाठी सार्वजनिक नव्हते. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक वावराच्या जागाही आल्या. मैदान हे पाणवठ्याच्याच यादीत आहे, हे बागेची निविदा काढणाऱ्यांनी एकदा वाचावे.

आपली चळवळ वाड्यांत आणि दिवाणखान्यांत वाढली नाही. आपल्याकडे वाडे नव्हतेच. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपूरच्या मोहन पार्कमध्ये झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, ती व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या जागेत. ती जागा मोकळी नसती तर एवढा जनसमुदाय कुठे मावला असता? आज तीच आपली दीक्षाभूमी आहे. १ जुलै २०२४ रोजी तिथल्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उतरले आणि सरकारला त्याच दिवशी स्थगिती जाहीर करावी लागली. काही शहाण्यांना तो विकासाला विरोध वाटला. मुळात तो जमिनीची राखण करणाऱ्यांचा विरोध होता.

कोणी म्हणेल, सभांनी मैदान खराब होते, कचरा होतो, गवत मरते. खरे आहे. मग सभा घेणाऱ्यांकडून सफाई करून घ्या, झाडे लावा, पाण्याची आणि शौचालयाची सोय करा. पण कचऱ्याचे निमित्त करून कुंपण, तिकीट आणि पहारेकरी आणू नका. सकाळी फिरायला येणाऱ्याला मैदान हवे, तसेच दुपारी सावलीत भाकरी सोडणाऱ्या मजुरालाही हवे. ज्याच्या घरी अंगण नाही, त्याचे अंगण हेच असते.

वर्ध्यात १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले. जमनालाल बजाज यांनी ते खुले केले, याची नोंद आदराने घ्यावी. पण ज्याचे दार त्याने उघडले, ही झाली मालकाची उदारता. मैदानाला दार नसते, म्हणून तिथे कोणाच्या उदारतेची गरज पडत नाही. तिथे माणूस हक्काने उभा राहतो.

आपल्या गावातल्या गढीशेजारची, किल्ल्याखालची, नदीकाठची मोकळी जागा आज कोणाच्या नावावर आहे, हे तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर पाहा. ग्रामसभेत तो विषय मांडा, ठराव घ्या. जागा गेल्यावर मोर्चा काढायचा म्हटले, तर तो काढायलाही जागा उरलेली नसेल.

जय भीम!