एकवीस वर्षं उशिरा

भिंतींना कान असतात, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. इथल्या भिंतीला तोंड आहे. पाणी प्यायला नळाशी वाकलात आणि तोटीमागच्या दगडातून ह्यांचा आवाज आला, "अगं, ऐकू येतंय का?" दचकून वळलात, तर आसपास कुणी नाही. हे पार पलीकडे, कमानीच्या दुसऱ्या पायाशी, तसल्याच नळाकडे तोंड करून उभे. मध्ये पंचावन्न मीटर मोकळी फरशी. शब्द कमानीच्या पोटातून वर चढला, घुमटाला वळसा घालून या टोकाला उतरला. तीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरातली हाक दिवाणखान्यात पोचत नाही, आणि इथं नुसती कुजबुज पोचते.

युनियन टर्मिनल, सिनसिनाटी, ओहायो. शुक्रवार, २४ मे १९३५. स्टेशन सुरू होऊन दोनच वर्षं झालीत. डोक्यावर पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांचा प्रचंड अर्धघुमट, भिंतींवर विनोल्ड राइसनं काचेच्या तुकड्यांतून उभी केलेली माणसं. दिवसाला २१६ गाड्या ये-जा करतील या हिशेबानं बांधलेलं हे स्टेशन. पण मंदीत प्रवास करतंय कोण? एवढ्या मोठ्या दालनात आलेली माणसं लग्न मोडल्यावरही मांडवात राहिलेल्या पाहुण्यांसारखी तुरळक दिसतात.

वर्ष कुठलं निवडायचं, यावरून घरी दोन आठवडे वाद चालला होता. शहराबद्दल दुमत नव्हतं. बेसबॉलमधला पहिला उघडउघड पगारी संघ १८६९ मध्ये इथलाच, त्यामुळे ह्यांना सिनसिनाटी हवं. आणि तुम्हाला इथलं प्राणिसंग्रहालय हवं, कारण तिथं मार्था राहत होती. पण मार्था बघायची तर १ सप्टेंबर १९१४ च्या आत पोचायला हवं, आणि ह्यांचं म्हणणं, "१९१४ ला इथले रेड्स लीगमध्ये शेवटचे आलेत, अगं. त्यांची मॅच बघायला एवढा प्रवास करून जायचं?" शनिवार-रविवार एकच, वर्षही एकच. शेवटी काय झालं ते तारखेवरून कळतंयच. तुम्ही ऐकलंत. पण ऐकलंत हे लक्षात ठेवलंय.

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस आधी तुमच्या साडीकडे बघतो, मग ह्यांच्या हाताच्या रंगाकडे, मग वहीत. वही बराच वेळ बघतो. ओहायोत हॉटेलात रंगावरून भेद करायला कायद्यानं बंदी आहे, १८८४ पासून. पण कायदा कपाटात असतो आणि किल्ल्या याच्या हातात. "हिंदू?" असं तो विचारतो. या काळात अमेरिकेत भारतातून आलेला कुणीही, शीख असो की मुसलमान, हिंदूच. हे मान हलवतात आणि खोली मिळते. मागच्या जिन्याजवळची. हे पैसे मोजायला लागतात तेव्हा तुम्ही कोपरानं ढोसता. चुकून आपल्या काळातली नोट निघाली तर पंचाईत.

खेळ आठनंतर आहे, आणि कौतुक नेमकं त्याचंच. मोठ्या लीगमध्ये आजवर एकही सामना दिव्याखाली झालेला नाही. कालच व्हायचा होता, पण पाऊस आला. सामने दुपारचे असतात. कारखान्यात, पेढीवर खपणारा माणूस दुपारी तीनला येणार कसा? रेड्स गेल्या वर्षी तळाला होते, आणि पूर्ण मोसमात मैदानावर आली जेमतेम दोन लाख माणसं. तेव्हा लॅरी मॅकफेल नावाच्या खटपट्या व्यवस्थापकानं लीगकडून सात रात्रींची परवानगी काढली. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक रात्र. मालक पॉवेल क्रॉस्ली रेडिओ विकणारा माणूस, मैदानाला त्याचंच नाव. विजेवर पैसे लावायला त्याची ना नसावी.

क्रॉस्ली फील्ड वेस्ट एंडमध्ये आहे. भोवतालची वस्ती बव्हंशी काळ्या लोकांची. आत मैदानावर मात्र दोन्ही संघांत मिळून काळा माणूस एकही नाही, आणि मोठ्या लीगमध्ये १९४७ पर्यंत नसणार. हे तुम्ही जिना चढता चढता बोलता. मग गवत दिसतं आणि बोलणं राहून जातं.

मैदान सपाट नाही हो! डावीकडच्या कुंपणाकडे जमीन चढत जाते, शेताच्या बांधासारखी. हे खुशीत सांगतात, "चार दिवसांनी बेसबॉलचा बादशहा बेब रूथ याच चढावर अडखळून तोंडावर पडणार आहे." पुढच्या बाकावरचा टोपीवाला वळून बघतो. मराठी त्याला कळत नाही, पण रूथ कळला. तुम्ही ह्यांना दटावता. स्कोअर तर ह्यांनी गाडीतच सांगून टाकलाय. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणारी जात.

अंधार पडतो. छपरांवर आणि आजूबाजूला आठ मनोरे, त्यांवर ६३२ दिवे, एकेक दीड हजार वॅटचा, आणि सगळे विझलेले. वीस हजारांवर माणसं काळोखात बसलीत. मैदानाचा नुसता ओला वास येतोय. कुठं तरी शेंगांचं टरफल फुटतं तेही ऐकू येतं. साडेआठला वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाउसात, रूझवेल्ट तारेची कळ दाबतात. तो टिकटिकता इशारा तारेवरून सातशे-आठशे किलोमीटर धावत इथं पोचतो, इथं खटका ओढला जातो.

तुम्ही आयुष्यात किती फ्लडलाइट पाहिलेत? टीव्हीवर हजारदा, वानखेडेवर दोनदा. प्रकाश बघून चकित व्हायचं तुमचं वय आणि शतक दोन्ही उलटून गेलंय. तरी अंगावर काटा येतो, कारण उजेड आधी तुम्हाला दिसतच नाही. दिसतात तोंडं. वीस हजार तोंडं एकदम उजळतात, सगळी उघडी, आणि त्यांतून एकच लांब हुंकार निघतो. शेजारची म्हातारी नकळत हात जोडल्यासारखे छातीशी नेते. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की नेतात तसे. टोपीवाला वळून ह्यांचा हात हातात घेतो आणि जोरजोरात हलवतो. हॉटेलातल्या काउंटरनंतर तो हात ह्यांना हवाच होता.

खेळ? पहिल्याच डावात बिली मायर्सनं डबल मारला आणि तो फिरून घरी आला. पुढं रेड्सच्या पॉल डेरिंजरनं पाहुणा संघ फिलीज दाबून ठेवला. रेड्स २, फिलीज १. वर गेलेला चेंडू दिव्यांच्या रेषेपलीकडे काळोखात नाहीसा होईल आणि खेळाडू आंधळ्यासारखे धावतील, असं भाकीत पुष्कळांनी केलं होतं. दोन्ही संघांकडून एकही चूक झाली नाही. तासा-दीड तासात सगळं आटोपलं. बेसबॉलचे नियम तुम्हाला अजून निम्मेच कळतात, पण मारायचं असेल तर मार, नाहीतर बस, हा खाक्या आवडला. भारतात दिव्याखालचा पहिला एकदिवसीय सामना व्हायला अजून ४९ वर्षं आहेत, १९८४, दिल्ली. हे तो बघायला तेव्हा जाऊ शकले नव्हते. ती हळहळ अजून आहे, आणि आज रात्री ती कशानं तरी भरून निघतेय, हे त्यांच्या चालीवरून कळतं.

रात्री व्हाइन स्ट्रीटवर एम्प्रेस. मॅसिडोनियाहून आलेल्या दोन भावांनी १९२२ मध्ये काढलेलं दुकान. शेवयांसारख्या स्पॅगेटीवर खिम्याचा पातळ रस्सा, त्यावर किसलेल्या चीजचा डोंगर. वाफ नाकाशी आली आणि तुम्ही चमकलात. दालचिनी! आजच्या दिवसात ओळखीचा पहिला वास. ह्यांनी दोन बश्या संपवल्या. तुम्ही एक, चीज बाजूला सारून.

शनिवार तुमचा.

ट्राम माउंट अॅडम्सच्या पायथ्याशी येते आणि थांबते. पुढं रस्ता नाही, सरळ टेकडीची भिंत. मग ट्राम आपल्या पायांनी एका फलाटावर चढून उभी राहते आणि तो फलाट दोरखंडांवरून तिला माणसांसकट वर ओढून नेतो. खाली ओहायो नदी, नदीवर रोब्लिंगचा झुलता पूल, आणि पलीकडे केंटकी, जिथं आगगाडीचे डबेही रंगावरून वेगळे. ट्रामच्या डोक्यावर तारा दोन आहेत, एक नव्हे. इतर शहरांत एक तार आणि परतीची वीज रुळांतून; सिनसिनाटीनं दोन्हीकडे तारच लावली. हे मान वर करून मोजत बसलेत. नवऱ्याचं लक्ष तारांत गुंतलं की बाईला नदी बघायला मिळते.

प्राणिसंग्रहालय १८७५ सालचं. मुंबईच्या राणीच्या बागेहून धाकटं, पण अमेरिकेत फिलाडेल्फियाखालोखाल जुनं. हत्तींना इथं घुमटांचा महाल आहे, ताजमहालाची आठवण व्हावी असा. ओहायोत बसून गवत खाणारा हत्ती आणि डोक्यावर आग्रा. हे फोटो काढायला खिशात हात घालतात, खिसा रिकामा. ऑपेराच्या मंडपात खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या आहेत. १९२० पासून उन्हाळ्यात इथं ऑपेरा होतो, आणि गायिकेनं स्वर लावला की तळ्यातली बदकंही लावतात.

सूझी गोरिला १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन या हवाईनौकेतून अटलांटिक ओलांडून आली. टेबलाशी बसून काटा-सुरीनं जेवायला तिला शिकवलंय. लोक हसतात. तुम्हीही हसायला सुरुवात केलीत, पण तिनं काटा खाली ठेवून तोंडाजवळचा हात तसाच धरला, एखादा शब्द आठवत नसावा तसा, आणि तुमचं हसू अर्ध्यावर राहिलं. हे मात्र हसत राहिले. पुरुषांना वेळ लागतो.

मग पक्ष्यांची घरं. पॅगोडासारख्या छपरांची, बुटकी, ओळीनं उभी. म्हाताऱ्या रखवालदाराला तुम्ही विचारता आणि तो बोटानं दाखवतो. "ते."

मार्था, प्रवासी कबूतर. जॉर्ज वॉशिंग्टनच्या बायकोचं नाव दिलेली. कधी काळी या जातीचे थवे आकाशातून गेले की भर दुपारी सावली पडायची, आणि ती तासन्तास सरायची नाही. अब्जावधी पक्षी. रेल्वे आली आणि तार आली. घरटी कुठल्या रानात पडलीत हे तारेनं दुसऱ्या दिवशी कळायचं, शिकारी पुढच्या गाडीनं निघायचे, पिंपं भरून कबुतरं शहरात उतरायची. तुम्ही हे ह्यांना सांगता आणि हे ओठ हलवत नाहीत. काल रात्री साडेआठला तारेवरून आलेला इशारा दोघांच्याही मनात टिकटिकतो. एकाच तारेचे उद्योग.

तिचा शेवटचा जोडीदार १९१० मध्ये गेला. नवा आणून देणाऱ्याला हजार डॉलर बक्षीस लावलं होतं. कुणी मिळवलं नाही, कारण मिळवण्यासारखा पक्षी उरलाच नव्हता. मग चार वर्षं ती एकटी. म्हातारी झाली, दांडीवर निश्चल बसून राहायची. रविवारी गर्दी व्हायची आणि लोकांना वाटायचं, हा पक्षी काही तरी करून दाखवेल. हलावी म्हणून तिच्यावर वाळू फेकायचे. शेवटी पिंजऱ्याभोवती दोर बांधावा लागला. १ सप्टेंबर १९१४ च्या दुपारी ती खाली पडलेली सापडली, सुमारे एकोणतीस वर्षांची. बर्फाच्या तीनशे पौंडी लादीत गोठवून तिला आगगाडीनं वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनकडे पाठवलं. साडेतीन वर्षांनी याच जागी इन्कास गेला, कॅरोलायना जातीचा बंदिवासातला शेवटचा ज्ञात पोपट.

"तुम्ही होतात का तेव्हा?" तुम्ही रखवालदाराला विचारता. तो पाय बदलतो. बूट पांढऱ्या विष्ठेनं माखलेले. "होतो," म्हणतो. "झाडू माझ्याच हातात असायचा." आणखी काही बोलेल म्हणून थांबता. तो पलीकडच्या घराची कडी लावायला निघून जातो.

दांडी तिथंच आहे. उजवीकडे, छपराखाली, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या नखांनी की नंतर आलेल्यांच्या, कोण सांगणार. तुम्ही जाळीला बोटं लावून उभ्या राहता.

हे घड्याळ बघतात. मुद्दाम नाही, पण बघतात. साडेचारशे किलोमीटरवर पिट्सबर्गमध्ये आत्ता चाळिशीतला, सुटलेल्या पोटाचा रूथ आयुष्यातले शेवटचे तीन होमरन मारतोय. तिसरा, त्याचा ७१४ वा, उजवीकडच्या छपरावरून बाहेर. अॅन आर्बरमध्ये याच दुपारी धावपटू जेसी ओवेन्स पाऊण तासात विक्रमांमागून विक्रम मोडतोय. सगळा देश कुठं ना कुठं टाळ्या वाजवतोय. ह्यांना हे सगळं तोंडपाठ. आणि तरी हे हलत नाहीत. पाचेक मिनिटं. हे कुठल्याही पिंजऱ्यापुढे पाच मिनिटं उभे राहिलेत? राणीच्या बागेत तर मुलांना ओढत पुढं न्यायचे.

"तिला हलवायला वाळू टाकायचे?" हे विचारतात.

"हो."

"रविवारी?"

"रविवारी."

एवढंच बोलणं होतं. परतीच्या ट्राममध्ये हे तारा मोजत नाहीत.

रविवारी सकाळी स्टेशन आणखीच रिकामं. बेब इथं येतोय आणि आपण चाललोय, अशी कुरकुर रस्ताभर झालीय. गाडीला वीस मिनिटं आहेत. सामान राखत तुम्ही नळाशी उभ्या आहात, हे पेपर आणायला गेले. ओंजळीनं पाणी प्यायलात आणि हात पुसताना भिंत बोलली.

"अगं."

वळत नाही. कान दगडाच्या आणखी जवळ नेता. पलीकडे ह्यांचा श्वास ऐकू येतो, पेपर उलटल्याची सळसळ, मग थांबणं.

"पुढच्या वेळी १९१४," हे म्हणतात. "ऑगस्टमध्ये जाऊ. रविवार सोडून."