खात्री : एक शब्द, दोन घरे

दिवसभर कचेरीत आम्ही हिंदी लिहितो, घरी मराठी बोलतो. म्हणून पांढुर्णा-सौसरच्या आम्हा मंडळींना एकाच शब्दाची दोन्ही घरे ठाऊक असतात. ‘खात्री’चेच पाहा. मूळ अरबी शब्द ‘खातिर’, म्हणजे मन. तो फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत त्याची ‘खातिरदारी’ झाली, मराठीत ‘खात्री’. ‘जमा’ म्हणजे गोळा झालेले. मन विखुरलेले नाही, एका जागी आहे, ती ‘खातरजमा’. मराठेशाहीच्या पत्रांत हा शब्द धीर देण्यासाठी येई. आज आपण तो पडताळणीसाठी वापरतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाड्यासोबत आपल्या तहसिली मध्य प्रदेशात राहिल्या. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढ्या वर्षांत घरातली मराठी टिकली. पण आपली अनेक मुले हिंदीत शिकतात आणि चारचौघांत मराठी बोलताना चाचरतात. शब्द त्यांना येतात, खात्री वाटत नाही. आपण मध्येच चूक काढतो आणि जमा होऊ पाहणारे मन पुन्हा विखुरते. यंदा आरतीनंतर दहा मिनिटे बाप्पासमोर मुलांना मराठीत बोलू द्यावे. आपण फक्त ऐकावे.